सारखी अक्षरे असलेले इंग्रजी शब्द अर्थासह कसे शिकवावेत

बडोद्याच्या मराठी घरांतली मुले घरी मराठी, गल्लीत गुजराती आणि शाळेत इंग्रजी बोलतात. दांडिया बाजारातल्या माझ्या घरी अशी मुले गेली २२ वर्षे संध्याकाळी शिकायला येत आहेत आणि त्यांच्या वह्यांत मला एकच चूक पुन्हा पुन्हा आढळते. एखादा अक्षरगट घ्यायचा, तो जिथे जिथे सापडेल ते सगळे शब्द एकाखाली एक उतरवायचे आणि सर्वांचे अर्थ एकाच मुळाला बांधायचे, अशी सवय त्यांना लागलेली असते. बाजारात मिळणारे तयार तक्तेही असेच केलेले असतात, म्हणून ते विकत घेऊ नयेत. अक्षरगटांवरून शब्द शिकवण्याची पद्धत उत्तम आहे, पण तिची तिसरी पायरी गाळली तर मूल चुकीचे अर्थ आत्मविश्वासाने पाठ करते.

पहिली पायरी सोपी आहे: मुलाच्या पाठ्यपुस्तकातूनच तीन-चार अक्षरांचा एक गट निवडावा आणि तो असलेले आठ-दहा शब्द काढावेत.

दुसऱ्या पायरीत ते शब्द मोठ्याने वाचून उच्चारांनुसार वेगळे करावेत. ओ-यू-जी-एच हा गट यासाठी घ्यावा, कारण टफ म्हणजे चिवट, थ्रू म्हणजे मधून, दो म्हणजे जरी, बाउ म्हणजे झाडाची मोठी फांदी आणि कॉफ म्हणजे खोकला, या पाचही शब्दांत हीच चार अक्षरे असून उच्चार मात्र पाच आहेत. यातल्या जी-एचला पूर्वी घशातून येणारा उच्चार होता. तो काही शब्दांत लोपला, काहींत त्याचा फ झाला आणि लिखाणात मात्र जुनी अक्षरे तशीच राहिली. एवढे कारण सांगितले की मुले कुरकुर करत नाहीत. आपल्या घरांत कॉफचा उच्चार ‘कफ’ असा होतो आणि अर्थही कफच समजला जातो, तो तेव्हाच दुरुस्त करावा. कफ हा संस्कृत शब्द आहे आणि त्याचा या इंग्रजी शब्दाशी काहीही संबंध नाही.

तिसरी पायरी म्हणजे शब्द योग्य सांध्यावर तोडणे. इथे मी स्वतः अनेक वर्षे चुकत होते. पी-ई-डी म्हणजे पाय, असे मी एका वर्गाला ठामपणे सांगितले होते; पेडल, पेडेस्ट्रियन म्हणजे पादचारी आणि सेंटिपीड म्हणजे गोम, ही उदाहरणेही दिली होती. पुढे एका मुलीने परीक्षेत पीडियाट्रिशियनचा अर्थ ‘पायांचा डॉक्टर’ असा लिहिला. तिचे गुण गेले आणि दोष पूर्णपणे माझा होता. पाय या अर्थाचे पेड लॅटिन आहे, तर बालरोगतज्ज्ञाच्या नावातले पीड मूल या अर्थाच्या ग्रीक शब्दातून आले आहे. अध्यापनशास्त्र या अर्थाच्या पेडॅगॉजीतही तेच आहे. ब्रिटिश पद्धतीने लिहिलेल्या पीडियाट्रिशियनमध्ये पी-ए-ई-डी अशी चार अक्षरे येतात आणि अमेरिकी पद्धतीत त्यातला ए गळतो. दवाखान्यांच्या पाट्यांवर दोन्ही रूपे दिसतात, ती मुलांना मुद्दाम दाखवावीत.

तोडायचे कसे, हे डी-ई-एन-टी या गटावरून नीट समजते. डेंटिस्ट, डेंचर म्हणजे कवळी आणि ट्रायडेंट म्हणजे तीन दात्यांचे शस्त्र, हे सारे लॅटिनमधल्या दातावरून आले. पण स्टुडंट, प्रेसिडेंट आणि ॲक्सिडेंट यांतही तीच चार अक्षरे आहेत आणि तिथे दाताचा मागमूस नाही. म्हणून आधी शेवटचा ई-एन-टी हा प्रत्यय बाजूला काढावा, मग पुढचा उपसर्ग काढावा आणि मधे काय उरते ते पाहावे. स्टुडंटमध्ये उरते ते मन लावून झटणे, प्रेसिडेंटमध्ये बसणे, म्हणजे जो सर्वांच्या पुढे बसतो तो, आणि ॲक्सिडेंटमध्ये पडणे, म्हणजे जे अंगावर येऊन पडते ते. ॲक्सिडेंटमधला उपसर्ग मूळचा ‘अद्’ आहे. पुढच्या व्यंजनामुळे तो बदलला, जसे उत् आणि चार मिळून आपल्याकडे उच्चार होतो. संधी शिकलेल्या मुलाला हे एका वाक्यात कळते.

इथेच आणखी एक खड्डा आहे. ॲक्सिडेंटमधले सी-आय-डी पडण्याचे, तर पेस्टिसाइड, सुइसाइड आणि डिसाइड यांतले सी-आय-डी कापण्याचे किंवा मारण्याचे आहे. त्यामुळे तोडल्यावर उरलेला तुकडा ओळखीचा वाटला तरी व्युत्पत्ती देणारा मोठा कोश उघडूनच निर्णय घ्यावा. अर्थ ओढूनताणून बसवावा लागत असेल, तर तो शब्द बहुधा त्या कुळातला नसतो.

मराठी मुलांजवळ या कामासाठी आयती पुंजी आहे. दंत आणि डेंटिस्ट, पद आणि पेडल, संसद-परिषदेतला सद् आणि प्रेसिडेंटमधला बसण्याचा धातू, ही नाती खरी आहेत. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन एका समान उगमातून निघाल्या असाव्यात, असे ब्रिटिश भाषापंडित विल्यम जोन्स यांनी १७८६ मध्ये कोलकात्यात मांडले होते. या भाषा बहिणी आहेत, म्हणून अशा नात्यातला इंग्रजी शब्द संस्कृतातून ‘निघाला’ असे मुलांना कधीही सांगू नये. ते चुकीचे आहे आणि अशा समजुतीनेच कफसारखे निव्वळ योगायोगही नात्यात ओढले जातात.

चौथ्या पायरीत प्रत्येक कुळाला वहीचे एक पान द्यावे आणि प्रत्येक शब्दापुढे अर्थ मुलाने स्वतःच्या मराठी वाक्यात लिहावा. समोरचे पान ‘परके’ असे नाव देऊन मोकळे ठेवावे. दिसायला सारखे पण मुळाने वेगळे शब्द तिथे, त्यांच्या खऱ्या मुळासकट लिहावेत. आठवड्याने उजळणी घेताना प्रश्न या परक्यांच्या पानावरूनच विचारावेत.