घरी सुगंधी मेणबत्ती करताना : वात, मेण आणि वास यांचे गणित

घरी सुगंधी मेणबत्ती करू पाहणाऱ्यांचा पहिला प्रयत्न बहुधा एका सोप्या समजुतीवर उभा असतो : मेण वितळवावे, त्यात भरपूर सुगंधी तेल घालावे, मधोमध वात उभी करावी आणि गार होऊ द्यावे. अशी मेणबत्ती दिसायला देखणी होते आणि न पेटवता नाकाशी धरली तर दरवळतेही. पण पेटवल्यावर खोलीत वास जाणवत नाही, ज्योत मधोमध विहीर खणत खाली उतरते किंवा काचेवर काजळी धरते. माझ्या पहिल्या तीन मेणबत्त्यांची हीच गत झाली आणि दर वेळी मी तेलाचे प्रमाण वाढवत गेले. दोष तेलात नव्हता, वातीत होता.

मेणबत्तीत घन मेण जळत नाही. ज्योतीच्या उष्णतेने मेण वितळते, वातीच्या धाग्यांमधून केशाकर्षणाने वर चढते, टोकाशी त्याची वाफ होते आणि ती वाफ पेटते. मेणबत्ती फुंकल्यावर वातीतून जी पांढरी रेघ उठते, ती प्रामुख्याने या वाफेच्या गोठलेल्या कणांची असते. म्हणूनच त्या रेघेला जळती काडी लावली तर ज्योत वातीवर उडी घेते. मेणाबरोबर ज्योतीपर्यंत पोहोचलेले सुगंधी तेल अर्थातच जळून जाते. खोलीत पसरणारा सुगंध हा ज्योतीभोवती साचलेल्या वितळलेल्या मेणाच्या तळ्यावरून उडालेला असतो. तळे पुरेसे रुंद झाले तर वास येतो, नाही झाले तर तेल कितीही घातले तरी ते घट्ट मेणात अडकून राहते; आणि तळे किती रुंद होणार हे मुख्यतः वात ठरवते. पुढची सारी कृती या एका गोष्टीभोवती फिरते.

साहित्याची निवड

नवशिक्याने भांड्यातील मेणबत्तीपासून सुरुवात करावी. साच्यातून काढून उभ्या राहणाऱ्या मेणबत्तीला अधिक कठीण मेण लागते आणि तिची वातही वेगळ्या हिशेबाने निवडावी लागते. भांड्यासाठी सोयाबीनच्या तेलापासून केलेले मेण सोयीचे असते, कारण ते साधारण 45 ते 55 अंश सेल्सिअसच्या आसपास वितळते, सावकाश जळते आणि सांडले तरी साबणाच्या गरम पाण्याने निघते. मात्र घेताना ते भांड्यासाठी आहे की साच्यासाठी, हे वेष्टनावर पाहावे. खनिज तेलापासून मिळणारे पॅराफिन मेण वास चांगला सोडते, परंतु गार होताना बरेच आकसते, त्यामुळे वातीभोवती खड्डा पडतो आणि दुसऱ्यांदा थोडे मेण ओतून तो भरावा लागतो. मधमाश्यांचे मेण सुंदर असते, पण त्याला स्वतःचा मधाळ वास असतो आणि ते 62 ते 64 अंशांना वितळते. सुगंध मिसळण्यासाठी ते वापरणे म्हणजे दोघांवरही अन्याय होय.

भांडे जाड, उष्णता सोसणाऱ्या काचेचे, सिरॅमिकचे किंवा पत्र्याचे असावे. त्याला बारीकशीही चीर नसावी, बूड स्थिर असावे आणि तोंड तळापेक्षा फार अरुंद नसावे. नाजूक दांड्याचे पेले, प्लास्टिक आणि लाकडी वाट्या यांचा मोह टाळावा. निवडलेल्या भांड्याचा आतला व्यास मोजून लिहून ठेवावा, कारण वात त्या व्यासावरून घ्यायची असते, उंचीवरून नव्हे.

तेलाच्या दिव्यासाठी हाताने वळलेली कापसाची वात येथे उपयोगी पडत नाही. ती जळताना सरळ उभी राहते, टोकाला कोळसा साचतो आणि काजळी वाढते. पूर्वी मेणबत्तीची वात सतत कात्रीने छाटत बसावे लागे, ते याच कारणाने. 1825 च्या सुमारास फ्रान्समध्ये कांबासेरेस यांनी वेणीसारखी विणलेली वात आणली. ती जळताना एका बाजूला वाकते, तिचे टोक ज्योतीच्या बाहेरच्या, अधिक उष्ण भागात जाते आणि तेथेच जळून जाते. आजच्या सुती वाती याच तत्त्वावर विणलेल्या असतात. अशी, मेणाचा लेप दिलेली आणि बुडाशी धातूची चकती असलेली तयार वात घ्यावी. वातींच्या मालिकेत जाडीनुसार क्रमांक असतात. उत्पादकाच्या तक्त्यात आपल्या व्यासासमोर जो क्रमांक दिला असेल तो, त्याच्या आधीचा आणि त्याच्या नंतरचा, अशा तीन जाडीच्या वाती आणाव्यात. व्यास साधारण 9 सेंटिमीटरांहून मोठा असेल तर एका जाड वातीपेक्षा दोन बारीक वाती बऱ्या.

सुगंधासाठी मेणबत्तीकरिता म्हणूनच बनवलेले तेल घ्यावे. अंगाला लावायच्या परफ्यूममध्ये मद्यार्क असतो. तो मेणात नीट मिसळत नाही आणि पेट घेतो. वनस्पतींपासून काढलेली शुद्ध सुवासिक तेले वापरता येतात, पण ती सगळीच मेणबत्तीला मानवत नाहीत : लिंबूवर्गीय फळांच्या सालीचे तेल पटकन उडून जाते, तर लव्हेंडर आणि पाचौली यांचा वास तुलनेने टिकतो. व्हॅनिलासारख्या सुगंधांत व्हॅनिलिन असते आणि त्याने पांढरे मेण काही दिवसांत पिवळट किंवा तपकिरी होते. तो दोष नव्हे, म्हणून अशा मेणबत्तीला पांढरीच ठेवण्याचा हट्ट धरू नये. घरात मांजर, कुत्रा किंवा पक्षी असेल, तर तेल निवडण्यापूर्वी पशुवैद्याला विचारावे, कारण काही सुवासिक तेले प्राण्यांना बाधतात.

रंग हवाच असेल तर मेणात विरघळणारा घ्यावा. खाद्यरंग बहुधा पाण्यात विरघळणारे असल्यामुळे मेणात त्यांचे थेंब तळाशी बसतात, आणि मेणखडूतील रंगकण वातीचे धागे बुजवतात. वाळलेल्या पाकळ्या, दालचिनीचे तुकडे, चमकी यांनी मेणबत्तीचा पृष्ठभाग सजवलेला चित्रांत छान दिसतो. प्रत्यक्षात ज्योत खाली येते तेव्हा त्या पाकळ्या दुसऱ्या वातीसारख्या पेटतात. माझ्या मते ही सजावट मेणबत्तीच्या बाहेरच शोभते.

माप आणि वितळवणे

येथे पेले आणि चमचे बाजूला ठेवून एका ग्रॅमपर्यंत मोजणारा वजनकाटा वापरावा, कारण निरनिराळ्या तेलांचे एक चमचा वजन सारखे नसते. भांड्यात जेथवर मेण हवे तेथवर पाणी भरून त्या पाण्याचे वजन करावे आणि त्याला 0.9 ने गुणावे, कारण मेण पाण्यापेक्षा हलके असते. समजा पाणी 200 ग्रॅम भरले, तर मेण व तेल मिळून 180 ग्रॅम लागतील. तेलाचे प्रमाण मेणाच्या वजनाच्या 6 ते 10 टक्के ठेवतात. 8 टक्के धरले तर 180 भागिले 1.08, म्हणजे सुमारे 167 ग्रॅम मेण आणि 13 ग्रॅम तेल. प्रत्येक मेणाची तेल धरून ठेवण्याची मर्यादा असते आणि ती वेष्टनावर दिलेली असते. तिच्यापलीकडे गेल्यास तेल पृष्ठभागावर घामासारखे सुटते, वात तुंबते आणि ज्योत भडकते. मोजून झाल्यावर भांडे अगदी कोरडे पुसावे. पाण्याचा एक थेंबही वातीत गेला तर ती तडतडते.

मेण कधीही थेट आचेवर ठेवू नये. मोठ्या पातेल्यात तीन-चार बोटे पाणी उकळत ठेवून त्यात कडी असलेले छोटे धातूचे भांडे ठेवावे आणि त्यात मेण वितळवावे. पाणी असेपर्यंत मेण 100 अंशांच्या वर जाऊ शकत नाही, हाच या पद्धतीचा सगळा फायदा आहे. पाणी आटू देऊ नये आणि काम चालू असताना तेथून हलू नये. मेणाने पेट घेतलाच तर आच बंद करून वर घट्ट झाकण ठेवावे. त्यावर पाणी ओतणे घातक ठरते, कारण तापलेल्या मेणात पाण्याची क्षणात वाफ होते आणि जळते मेण चहूकडे उडते. झाकण आधीपासूनच हाताशी ठेवावे.

मेण वितळेपर्यंत वात बसवून घ्यावी. चकतीच्या खाली उष्णता सोसणारी दुहेरी चिकटपट्टी लावावी किंवा वितळलेल्या मेणाचा थेंब टाकून ती बरोबर मध्यावर दाबावी, आणि वातीचे वरचे टोक भांड्याच्या काठांवर आडव्या ठेवलेल्या दोन काड्यांच्या मधे पकडावे. वात चार-पाच मिलिमीटर जरी एका बाजूला सरकली, तरी तळे एका काठाला लवकर पोहोचते आणि तेथली काच नको तितकी तापते.

सोया मेण 80 ते 85 अंशांवर आले की भांडे पाण्यातून बाहेर काढावे, बाहेरचे पाणी पुसावे, आच बंद करावी आणि मगच मोजलेले तेल घालावे. त्यानंतर पूर्ण दोन मिनिटे हळूहळू ढवळावे. जोरात फेटल्यास हवेचे बुडबुडे शिरतात, आणि घाईने दोन-चार वेळा फिरवून थांबल्यास तेल तळाशी राहते. तेलाच्या बाटलीवर लिहिलेले प्रज्वलनाचे तापमान पाहून काही जण घाबरतात आणि तेल थंड मेणात घालतात. त्या आकड्याचा अर्थ एवढाच, की त्या तापमानाला तेलाची वाफ उघड्या ज्योतीने पेटू शकते. तेथे सुगंध नाहीसा होतो असा त्याचा अर्थ नव्हे. म्हणूनच तेल घालताना आसपास ज्योत नसावी, एवढे पाळावे.

मिश्रण 55 ते 60 अंशांपर्यंत निवू द्यावे आणि मग बारीक धारेने, वातीवर न पाडता, भांड्यात ओतावे. काच फार गार असेल तर मेण तिच्यापासून सुटते आणि बाहेरून ओलसर डाग पडल्यासारखे दिसते, म्हणून ती आधी कोमट करून घेणे चांगले. भरलेले भांडे वारा नसलेल्या जागी ठेवावे. लवकर घट्ट व्हावे म्हणून फ्रीजमध्ये ठेवल्यास मेणाला भेगा जातात. एवढे करूनही सोया मेणावर कधी पांढरी बुरशीसारखी नक्षी उमटते. मेणाचे स्फटिक रूप बदलत असल्याने ती दिसते आणि जळण्यावर तिचा परिणाम होत नाही. पृष्ठभाग खडबडीत झाला असेल तर गरम हवेच्या यंत्राचा झोत फिरवून तो सारखा करता येतो.

भांड्यांत आणि ढवळण्याच्या काडीवर उरलेले मेण गरम असतानाच कागदाने पुसून घ्यावे. ते मोरीत ओतल्यास नळीत गोठून बसते.

वाट पाहणे आणि चाचणी

सोया मेणबत्ती दुसऱ्या दिवशी पेटवता येते, पण तिचा वास तेव्हा कच्चा असतो. झाकण लावून तिला किमान एक, शक्यतो दोन आठवडे ठेवावे. पॅराफिनला दोन-तीन दिवस पुरतात.

खरे काम यापुढे आहे. एकाच भांड्यात, एकाच मेणात आणि तेलात, तीन क्रमांकांच्या वाती घालून तीन मेणबत्त्या कराव्यात आणि त्या एकाच दिवशी पेटवाव्यात. पेटवण्यापूर्वी वात 5 ते 6 मिलिमीटर उंचीची छाटावी. व्यासाच्या प्रत्येक अडीच सेंटिमीटरला साधारण एक तास, या हिशेबाने साडेसात सेंटिमीटरच्या भांड्यात तीन तासांनी तळे काठाला पोहोचावे आणि त्याची खोली एक सेंटिमीटरच्या आसपास असावी. तीन तासांनंतरही काठाशी जाड कडे उरले तर वात बारीक आहे. तासाभरातच तळे काठाला पोहोचले, ज्योत उंच होऊन थरथरू लागली, टोकाला कोळशाची गाठ साचली किंवा काच हात लावता येणार नाही इतकी तापली, तर वात जाड आहे.

येथे एक गोष्ट तक्ते सांगत नाहीत. मेणबत्ती अर्ध्याखाली गेली की काचेच्या भिंती उष्णता कोंडून ठेवतात आणि तीच वात जास्त मेण वितळवू लागते. म्हणून पहिल्या खेपेला काठाशी थोडेसे मेण सोडणारी वात लगेच बाद करू नये. पुढच्या दोन-तीन खेपांत ते कडे वितळून तळ्यात मिसळते. उलट पहिल्याच खेपेला हुबेहूब बसलेली वात शेवटच्या तिसऱ्या हिश्श्यात काजळी धरताना मी अनेकदा पाहिली आहे. चाचणी म्हणजे मेणबत्ती संपेपर्यंत जाळणे. वरचा एक थर जाळून निकाल देऊ नये. वास कमी वाटला तर आधी वात बदलून पाहावी, मग ठेवण्याचे दिवस वाढवावेत आणि सर्वांत शेवटी तेलाला हात लावावा.

कोणतीही मेणबत्ती एका वेळी चार तासांहून अधिक जाळू नये, मुलांच्या आणि पडद्यांच्या जवळ ठेवू नये आणि आपण खोलीत नसताना पेटती सोडू नये. तळाशी एक सेंटिमीटर मेण उरले की ती थांबवावी, कारण त्याखाली ज्योतीची आच थेट काचेच्या बुडाला लागते. उरलेले मेण काढण्यासाठी भांडे कोमट पाण्यात ठेवावे, पाण्याची ऊब हळूहळू वाढवावी, मेण सुटले की चकती उचटावी आणि काच साबणाने धुऊन पूर्ण वाळवावी. भांडे शाबूत असेल तर ते पुन्हा वापरता येते, आणि त्याच्या व्यासाला कोणती वात बसते हे आता वहीत लिहिलेले असते.