सिंगापूर पाहायचं ते सकाळी आणि संध्याकाळी

मुलगी सिंगापुरात नोकरीला असल्यामुळे माझं तिथे जाणं-येणं असतं. ओळखीतलं कोणी निघालं की मी ठिकाणांची यादी देत नाही, आधी वेळा सांगते. हे शहर विषुववृत्ताला अगदी खेटून आहे. वर्षभर सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि सातच्या सुमारास मावळतो, उकाडा बाराही महिने, आणि दुपारनंतर गडगडाटी पाऊस कधीही येतो. नोव्हेंबर ते जानेवारीत तो जास्तच. म्हणून आठ ते अकरा पायी फिरा, दुपारी संग्रहालयात बसा किंवा सरळ झोप काढा आणि पाचनंतर पुन्हा बाहेर पडा. छत्री मात्र कायम जवळ हवी.

पहिली सकाळ तेलोक आयर रस्त्याला द्या. मेट्रोचं स्टेशन त्याच नावाचं आहे. आज चहूकडे उंच इमारती दिसतात, पण पूर्वी इथे समुद्रकिनारा होता; भर घालून जमीन वाढवली आणि समुद्र लांब गेला. बोटीतून उतरलेली माणसं सुखरूप पोचल्याबद्दल इथेच हात जोडत. थियान हॉक केंग हे चिनी देऊळ माझू या समुद्रदेवीचं. त्याच रस्त्यावर तमिळ मुसलमानांनी बांधलेला नागोर दर्गा आणि अल-अबरार मशीद. घाईघाईने फोटो काढून निघू नका. देवळाच्या अंगणात थोडं बसा, छपरावरचे ड्रॅगन न्याहाळा. सिंगापूर कसं घडलं हे मला मरिना बे या नव्या भागाच्या झगमगाटापेक्षा या एका रस्त्यावर जास्त कळलं.

तिथून चालत साउथ ब्रिज रोडला जाता येतं. चायनाटाउनच्या मधोमध १८२७ सालचं श्री मरिअम्मन देऊळ, जवळच जामे मशीद आणि थोडं पुढे बुद्धाच्या दाताचं मंदिर. मरिअम्मनचे दरवाजे दुपारी बंद असतात, तेव्हा तिथे सकाळीच पोचा. जुन्या दुकानांपुढे छताखालून जाणारी पायवाट असते, तिला फाइव्ह फूट वे म्हणतात. ऊन असो वा पाऊस, तिच्याखालूनच चाला.

कांपोंग ग्लाम या जुन्या मलय मुसलमान वस्तीतली सुलतान मशीद संध्याकाळी बाहेरून सुंदर दिसते. आत जायचं असेल तर नमाजाच्या वेळा टाळा. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. सोनेरी घुमटाच्या तळाशी जो गडद पट्टा दिसतो तो काचेच्या बाटल्यांच्या बुडांचा आहे. गरीब मुसलमानांनी त्या बाटल्या दिल्या, म्हणजे बांधकामात त्यांचाही हात लागला. तो पट्टा पाहिल्याशिवाय परत फिरू नका.

जेवायला हॉकर सेंटर, म्हणजे एका छताखाली खाण्याचे खूपसे स्टॉल. शाकाहारी मंडळींनी इथे खरंच जपून राहायला हवं, कारण नुसत्या पालेभाजीतही बेलाचान, म्हणजे आंबवलेल्या कोळंबीचा गोळा, किंवा ऑयस्टर सॉस, म्हणजे कालवांचा सॉस, असतो. ‘नो मीट’ एवढं म्हणून भागत नाही. मासे, कोळंबी, ऑयस्टर सॉस सगळं नाव घेऊन नको म्हणा. बौद्ध शाकाहारी स्टॉल सापडला तर तिथे निर्धास्त खा. तिथल्या ‘मटणा’त सोया किंवा गव्हाचं सत्त्व असतं. लिटल इंडिया स्टेशनाला लागूनच टेक्का सेंटर आहे, तिथे डोसा मिळतो. टेबलावर टिश्यूचं पाकीट ठेवलेलं दिसलं तर ती जागा कोणीतरी धरली आहे असं समजा. जेवण झालं की ट्रे स्वतः नेऊन ठेवायचा, तसा नियमच आहे. बिनसाखरेची काळी कॉफी हवी असेल तर ‘कोपी ओ कोसोंग’ मागा.

मेट्रोत आणि बसमध्ये आपलं कॉन्टॅक्टलेस बँक कार्ड चालतं, पण प्रत्येकाचं वेगळं हवं, आणि बसमधून उतरतानाही ते यंत्राला टेकवायचं. मेट्रोत खाणं-पिणं बंद, पाण्याचा घोटसुद्धा नाही, म्हणून स्टेशनात शिरण्याआधीच पाणी पिऊन घ्या. नळाचं पाणी पिण्याजोगं असतं, बाटल्या विकत घेऊ नका.

संध्याकाळी गार्डन्स बाय द बे या बागेतला सुपरट्रीचा, म्हणजे झाडांसारख्या उंच मनोऱ्यांचा, दिव्यांचा खेळ फुकट असतो. बोटॅनिक गार्डनलाही तिकीट नाही, फक्त आतल्या ऑर्किड बागेला आहे.

भारतीय पासपोर्टवर व्हिसा आधी काढावा लागतो. शिवाय पोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत आगमनाचं कार्ड ऑनलाइन भरायचं असतं. सरकारी संकेतस्थळावर त्याला पैसे पडत नाहीत. कुठे पैसे मागितले तर तिथे भरू नका.