तबकडीची दुसरी बाजू

जुन्या बाजारात ग्रामोफोनच्या लाखेच्या तबकड्यांचा ढीग दिसला की गिऱ्हाईक आधी ओळखीचं नाव शोधतं. नावाजलेलं गाणं मोबाइलवर फुकट मिळतं, त्यासाठी घासाघीस कशाला? पुण्याचा बुधवार-रविवारचा जुना बाजार असो की मुंबईच्या चोरबाजारातली मटण स्ट्रीट, जायचं ते मागच्या बाजूसाठी. दहा इंची तबकडीच्या एका अंगाला जेमतेम तीन मिनिटं मावतात. पुढे गाजलेलं पद आणि मागे भलतंच काही, जे नंतर ना एलपीच्या मोठ्या तबकडीवर आलं ना कॅसेटवर, असं बरेचदा सापडतं.

घेताना तबकडी कडेने धरा आणि उन्हात तिरकी करून बघा. खाचा काळ्याभोर असाव्यात. करड्या, पांढुरक्या पडल्या असतील तर झिजलेल्या सुईने त्या खाल्ल्या आहेत; आवाज खरखरीत येणार, धुऊन उपयोग नाही. तेलाचा हात फिरवून आणलेल्या चकाकीला भुलू नका. मग मधल्या भोकात बोट घालून तोला आणि कडेला हलकी टिचकी मारा. खणखणीत वाजली तर ठीक. बद्द वाजली तर कुठेतरी तडा आहे, आणि तो दर फेऱ्याला टक्‌ करणार, म्हणजे मिनिटाला ७८ वेळा. वरवरचे ओरखडे त्या मानाने परवडतात.

घरी आणताना उभी धरा. बंद गाडीत उन्हात राहिली की वाकलीच.

धुवायला स्पिरिट अजिबात नको, त्यात लाख विरघळते. अर्धा लिटर साध्या पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब टाका. मऊ ब्रश खाचांच्या दिशेने गोल फिरवा, लेबल कोरडं ठेवा, भिजत घालू नका. स्वच्छ पाण्याचा हात देऊन सुती कापडाने टिपा आणि सावलीत उभी वाळवा.

चावीच्या ग्रामोफोनवर प्रत्येक बाजूला नवी पोलादी सुई लावा. ती एका बाजूतच झिजते, मग तबकडी कुरतडते. विजेचा टर्नटेबल असेल तर मिनिटाला ७८ फेऱ्यांची गती आहे ना ते बघा आणि ७८ चीच सुई बसवा. एलपीची बारीक सुई रुंद खाचेच्या तळाशी, धुळीत घसटत जाते, म्हणून गाण्यापेक्षा खरखर जास्त येते.

रविवारी चहा झाल्यावर एकच तबकडी लावा. पहिल्यांदा खरखरच ऐकू येते. लगेच पुन्हा लावली की कान तिला बाजूला सारतो, आणि तीन मिनिटांत राग बसवायची गायकाची धांदल, तानेची टोकं कळू लागतात.

ऐकून झालं की लेबल उतरवून घ्या: कंपनी, क्रमांक, गायक, राग, नाटक किंवा चित्रपट. नेटवर शोधताना रोमन लिपीतल्या नावाची स्पेलिंगं दहा प्रकारची निघतात, म्हणून कंपनी आणि क्रमांक टाका. लेबलाजवळ कोरलेला मॅट्रिक्स नंबर, म्हणजे त्या बाजूच्या ध्वनिमुद्रणाचा क्रमांक, दोन्ही बाजूंना वेगळा असतो, तोही टिपा. चित्रपटाचं नाव मिळालं तर तो बघायच्या यादीत घाला, मग तो गाजलेला नसला तरी. पडद्यावरचं गाणं अनेकदा तबकडीपेक्षा लांब असतं, कधी आवाजही दुसऱ्याचा निघतो. दोन्ही लागोपाठ ऐकण्यात वेगळीच गंमत आहे.

ठेवताना कागदी पाकिटात, उभ्या. प्लॅस्टिकच्या पिशवीत पावसाळ्यात बुरशी धरते.