मोजलंत खरं, पण कोणत्या स्लाइसवर?

एम.टेक.च्या प्रोजेक्टला मी ५जीतलं नेटवर्क स्लाइसिंग घेतलं, म्हणजे एकाच नेटवर्कचे वेगवेगळ्या कामांसाठी स्वतंत्र भाग, स्लाइस, पाडणं. ओपन५जीएस या मुक्त सॉफ्टवेअरचा कोअर (नेटवर्कचा मध्यवर्ती भाग), रेडिओच्या जागी यूईरॅनसिम हा सिम्युलेटर, दोन स्लाइस आणि प्रत्येकीला स्वतःचा एसएमएफ (डेटा सेशन सांभाळणारा) व यूपीएफ (प्रत्यक्ष डेटा पुढे पाठवणारा). फरक ठळक दिसावा म्हणून दुसऱ्या यूपीएफच्या इंटरफेसवर लिनक्सच्या टीसी कमांडने ५० एमबीपीएसची मर्यादा घातली आणि वेग मोजणारा आयपर्फ३ लावला. दोन्ही स्लाइसचा वेग सारखाच! तीन दिवस मी टीसीच्या ओळी बदलत बसले, कर्नलला दोष दिला, व्हर्च्युअल मशीन पुन्हा पहिल्यापासून उभं केलं.

चूक होती एका आकड्यात.

स्लाइस ओळखली जाते ती एस-एनएसएसएआय या ओळख क्रमांकावरून. त्याचे दोन भाग: ८ बिटांचा एसएसटी सेवेचा प्रकार सांगतो, आणि २४ बिटांचा ऐच्छिक एसडी एकाच प्रकारच्या दोन स्लाइस वेगळ्या करतो. एसएसटी १ म्हणजे मोबाइल ब्रॉडबँड, २ म्हणजे अत्यंत कमी विलंबाची भरवशाची सेवा, ३ म्हणजे मोठ्या संख्येने जोडलेली आयओटी उपकरणं. माझ्या दोन्ही स्लाइसचा एसएसटी १ होता, फरक फक्त एसडीत. कोअरमध्ये मी ००००१० लिहिलं होतं; ओपन५जीएस ते हेक्स (षोडशमान) म्हणून वाचतं. यूईरॅनसिमच्या यूई (म्हणजे फोनसारखं वापरकर्त्याचं उपकरण) फाइलमध्ये मात्र मी नुसते १० लिहिले. ते त्याने दशमान धरले आणि पाठवलं ०००००ए. अशी स्लाइस माझ्या नेटवर्कमध्ये नव्हतीच.

मग रजिस्ट्रेशन फेटाळलं कसं गेलं नाही? इथेच स्लाइस निवडीची खरी गोम आहे, आणि नवख्यांनी ती सगळ्यात आधी समजून घ्यावी. यूई आपल्याला हव्या त्या स्लाइस मागतो, एका वेळी जास्तीत जास्त ८. एएमएफ (कोअरमधला नोंदणी हाताळणारा भाग) ती मागणी यूडीएममधल्या (ग्राहकांच्या नोंदी ठेवणाऱ्या भागातल्या) सबस्क्रिप्शनशी ताडून पाहतो, गरज पडली तर स्लाइस निवडणाऱ्या एनएसएसएफला विचारतो आणि परवानगी असलेल्या स्लाइसची यादी परत देतो. मागितलेली एकही बसत नसेल, पण सबस्क्रिप्शनमध्ये एखादी स्लाइस डिफॉल्ट म्हणून नोंदलेली असेल, तर यूईला ती मिळते. डिफॉल्टच नसती तर ६२ क्रमांकाचं कारण देऊन नकार आला असता, आणि माझे तीन दिवस वाचले असते. त्यात सेशनच्या विनंतीत स्लाइसचं नावच मी लिहिलं नव्हतं, त्यामुळे एएमएफने तिथेही डिफॉल्टच धरली. दोन्ही यूई गुमान पहिल्या यूपीएफवर जाऊन बसले होते.

हे उलगडलं वायरशार्कमध्ये, म्हणजे नेटवर्कवरची पॅकेट पकडून दाखवणाऱ्या साधनात. पहिल्या रजिस्ट्रेशन रिक्वेस्टमध्ये मागितलेल्या स्लाइस शोधाल तर बहुधा सापडणार नाहीत, कारण सुरक्षा प्रस्थापित होण्याआधी यूई त्या उघड पाठवत नाही. सिक्युरिटी मोड कम्प्लीट या संदेशाच्या पोटात पूर्ण रिक्वेस्ट असते, तिथे बघा. मग रजिस्ट्रेशन ॲक्सेप्टमधली यादी शेजारी ठेवा. संदेश उलगडत नसतील तर वायरशार्कच्या नॅस-५जीएस (यूई आणि कोअरमधले संदेश) सेटिंगमध्ये नल सायफरिंग ओळखण्याचा पर्याय चालू करा; एनईए०, म्हणजे प्रत्यक्षात कूटबद्ध न करणारी पद्धत, असेल तर तेवढ्याने भागतं. शेवटी यूपीएफच्या बाजूला पोर्ट २१५२ वरची जीटीपी-यू (वापरकर्त्याचा डेटा वाहणारी) पॅकेट कोणत्या आयपीकडे जातायत ते पाहा. हे तीन पुरावे हातात येईपर्यंत मी आता आयपर्फला हातही लावत नाही.

मोजणीबद्दल. यूईरॅनसिममध्ये रेडिओचा भौतिक थर नाही, म्हणून त्यावर मिळालेल्या विलंबाला "५जीचा विलंब" म्हणू नका; तो कोअर, सिम्युलेटर आणि तुमच्या मशीनचा मिळून आहे. नुसती सरासरी देऊ नका, मध्यक आणि ९९वा शततमक (ज्याच्या खाली ९९ टक्के मोजण्या येतात तो आकडा) द्या. कमी विलंबाच्या स्लाइसचं सगळं दुखणं त्या शेपटीतच असतं. एकेरी विलंब मोजायचा तर दोन्ही टोकांची घड्याळं जुळवावी लागतात, त्यामुळे सुरुवात पिंगच्या आरटीटीने (जाऊन परत येण्याच्या वेळेने) करा. आयपर्फ यूईच्या टनेल इंटरफेसच्या पत्त्याला बांधायला विसरू नका, नाहीतर ट्रॅफिक थेट बाहेरच्या नेटवर्क कार्डवरून जातं आणि आकडे फार सुरेख दिसतात.

माझ्या मते सगळ्यात मोलाची चाचणी वेगाची नाही, विलगतेची. पहिल्या स्लाइसवर भरपूर यूडीपी ओता आणि त्याच वेळी दुसरीवर पिंग चालू ठेवा. एसडी दुरुस्त करून मी हे केलं, तर दुसऱ्या स्लाइसचा विलंब लगेच चढला. कागदावर दोन यूपीएफ होते, पण दोघं त्याच दोन सीपीयू कोअरवर भांडत होते. लिनक्सच्या टास्कसेट कमांडने त्यांना वेगवेगळे सीपीयू कोअर दिले, तेव्हा आलेख पहिल्यांदा सपाट झाला.

वाचायचं तर मोबाइल नेटवर्कची मानकं ठरवणाऱ्या थ्रीजीपीपीचं २३.५०१ हे मानक उघडा आणि फक्त ५.१५ हे कलम घ्या. स्लाइस निवड तिथेच आहे. संदेशांचा क्रम २३.५०२ मध्ये. इंटरव्ह्यूला जाताना मी लॅपटॉपवर आलेख नेले होते, पण प्रश्न आला, "हे ट्रॅफिक याच स्लाइसचं आहे कशावरून?" मी कॅप्चर फाइल उघडली आणि रजिस्ट्रेशन ॲक्सेप्टवर बोट ठेवलं. पुढची वीस मिनिटं आम्ही त्याच फाइलवर बोलत होतो.