खुडूक (अंडी उबवायला बसलेल्या) कोंबडीखाली अंडी ठेवताना
कोंबडी पिसं फुलवून बसली, हात नेला की गुरगुरते, तरी लगेच अंडी ठेवू नका. दोन दिवस खोटं अंडं ठेवून बघा. तरीही उठली नाही तर खरी खुडूक. मग अंधार पडल्यावर दहा-बारा अंडी एकदमच पोटाखाली सरकवा. रोज एकेक वाढवलं तर पिल्लं मागंपुढं निघतात आणि आई पहिल्यांच्या मागं उठून जाते. आठव्या रात्री अंड्यामागं टॉर्च धरा: कोळ्याच्या पायांसारख्या लाल शिरा दिसल्या तर जीव धरलाय. १८व्या दिवसानंतर हात लावू नका. २१व्या दिवशी टोच पडलेलं कवच सोलायचा मोह होतोच (मलाही होतो), पण पिल्लाला बाहेर यायला कधीकधी अख्खा दिवस लागतो.