मोठा फंड शेतीत आणायचाय? आधी वाईट वर्षांचा तक्ता काढा

मी पूर्वी एका गुंतवणूक फंडात शेतीचे प्रस्ताव तपासायचे. आता शेतकऱ्यांच्या गटांना तेच प्रस्ताव लिहून देते. त्या काळात माझ्याकडे आलेल्या रिजनरेटिव्ह, म्हणजे मातीचा कस परत आणू पाहणाऱ्या शेतीच्या बहुतेक फायलींमध्ये गांडुळांचे सुंदर फोटो असायचे. तिसऱ्या वर्षी हप्ता कुठून भरणार, हे शोधूनही सापडायचं नाही.

म्हणून पहिल्याच पानावर पडती वर्षं दाखवा. नांगरट थांबवली, जमीन झाकून ठेवणारी आच्छादन पिकं घेतली, खत कमी केलं की सुरुवातीला उत्पादन घसरू शकतं. तण वाढतं, न नांगरता पेरणारं यंत्र घ्यावं लागतं. खर्च आज, फायदा काही वर्षांनी. ही खाच किती खोल आणि किती वर्षांची, ते आकड्यांत मांडा. त्यात एक दुष्काळी वर्षही धरा. सगळ्या रेषा वर जाणारा तक्ता दिसला की मी फाईल मिटायचे. शेती अशी चालत नाही हे शहरात बसूनही कळतं.

‘रिजनरेटिव्ह’ची सर्वमान्य अशी एकच व्याख्या नाही. तेव्हा तुमची तुम्ही लिहा, अर्ध्या पानात: काय करणार, काय बंद करणार, कोण तपासणार.

आकाराचंही बघा. वकील, तपासणी, करारमदार यांचा खर्च लहान व्यवहारालाही जवळपास तेवढाच येतो, त्यामुळे मोठ्या फंडाला लहान रक्कम परवडत नाही. एकेकट्या शेतकऱ्याने त्याच्या दारात जाऊन उपयोग नाही. शंभर शेतं एका कंपनीखाली किंवा संघाखाली आणा, हिशेब एक, सही करणारा एक.

मग ग्राहक. जनरल मिल्स या अमेरिकी खाद्यकंपनीने 2019 मध्ये 2030 पर्यंत 10 लाख एकरांवर ही पद्धत नेण्याचं जाहीर केलं. पेप्सिकोने 2021 मध्ये 70 लाख एकर. असे शब्द दिलेल्या कंपन्यांना पुरावा असलेला कच्चा माल लागतोच. त्यांच्याकडून कौतुकाचं पत्र आणू नका, पाच-सात वर्षांचा खरेदी करार आणा. प्रमाण, किमान भाव आणि माल नाकारण्याच्या अटी त्यात हव्यात. माझ्या अनुभवात फाईल याच कागदामुळे पुढे सरकते.

कार्बन क्रेडिटवर, म्हणजे मातीत साठवलेल्या कार्बनच्या बदल्यात विकता येणाऱ्या प्रमाणपत्रांवर, मात्र घर बांधू नका. हिशेब करून बघा. एक हेक्टर, 30 सेंटीमीटर खोली, मातीची घनता घनमीटरला 1.3 टन धरली तर 3,900 टन माती. सेंद्रिय कर्ब 0.1 टक्क्याने वाढला, म्हणजे 0.4 चा 0.5 झाला, तर 3.9 टन कर्ब, 3.67 ने गुणलं की साधारण 14 टन कार्बन डायऑक्साइड. याला पाच वर्षं लागली तर वर्षाला तीन टनही नाही, आणि नमुने कमी घेतले तर एवढा फरक मोजणीच्या चुकीतच विरून जातो. शिवाय नांगरट थांबली की मातीची घनताही बदलते. घनता न मोजता नुसता टक्का दाखवणाऱ्या अहवालावर चांगला तपासनीस पहिलं बोट तिथेच ठेवतो. क्रेडिट ही वरकमाई समजा, आणि ती शून्य धरूनही हप्ता निघतो का ते दाखवा.

पैसा थरांत मागा. पहिला तोटा सोसणारा थर एखाद्या धर्मादाय संस्थेकडून किंवा विकास बँकेकडून, त्यावर मोठ्या फंडाचं कर्ज. मुद्दल फेडायला पहिली तीन वर्षं सवलत हवी, हे स्पष्ट लिहा. नंतर मागितलीत तर ती अडचण वाटते, आधी मागितलीत तर नियोजन. पीकविमा जोडा.

जमीन खंडाची असेल तर खंडाची मुदत बघा. तीन वर्षांच्या खंडावर दहा वर्षांची माती कोणी घडवत नाही. मालकाची लेखी संमती नसल्यामुळे एक जमलेला व्यवहार शेवटच्या आठवड्यात मोडला होता. चूक माझी. खंडाचे कागद मी सगळ्यात शेवटी मागितले होते.

आणि शेत बघायला माणसं आली की फावडं हातात द्या, खणू द्या. चांगलं शेत दाखवून झालं की ज्या शेतात आच्छादन पीक उगवलंच नाही तिथेही न्या आणि काय चुकलं ते त्या शेतकऱ्यालाच सांगू द्या. तुम्ही मध्ये बोलू नका.