स्फटिक पडले, पण शुद्ध आहेत का?

पुनर्स्फटिकीकरण म्हणजे अशुद्ध पदार्थ गरम द्रावकात विरघळवून, थंड करून त्याचे शुद्ध स्फटिक परत मिळवणे. नवशिक्याचे ते बहुतेक वेळा एकाच कारणाने फसते: द्रावक जास्त पडतो. बेंझॉइक आम्ल घ्या. उकळत्या 100 मिली पाण्यात ते साडेपाच ग्रॅमच्या आसपास विरघळते, 25 अंश सेल्सिअसला मात्र जेमतेम 0.34 ग्रॅम. म्हणजे 2 ग्रॅम मालाला हिशेबाने 36-37 मिली उकळते पाणी पुरते. गरम गाळताना फनेलमध्येच स्फटिक जमू नयेत म्हणून 45-50 मिली घ्या. तेच 150 मिली ओतले, तर थंड झाल्यावर अर्धा ग्रॅम मातृद्रवातच (स्फटिक पडल्यावर उरलेल्या द्रावणातच) राहतो. पाव माल गेला, आणि शुद्धता काही त्यामुळे वाढली नाही.

म्हणून द्रावक थोडा थोडा, तोही गरमच घालायचा आणि दर वेळी उकळी येऊ द्यायची. तळाशी चार कण उरले की हात आपोआप वॉश बॉटलकडे जातो. थांबा. आणखी 2-3 मिली घालून उकळल्यावर ते कण कमी झाले का, ते बघा. तेवढेच राहिले तर ती अद्राव्य अशुद्धी आहे. ती गाळून काढायची, विरघळवायची नाही.

अॅसिटॅनिलाइडचे गणित थोडे वेगळे. त्याचा द्रवणांक 114 अंश, पण पाण्यात साधारण 83 अंशांच्या वर न विरघळलेला भाग तेलाच्या थेंबांसारखा तळाशी बसतो. हे थेंब म्हणजे अशुद्धी नव्हे, आपलाच माल आहे. इथे मात्र ते नाहीसे होईपर्यंत उकळते पाणी घालत राहणेच बरोबर. थेंब तसेच ठेवून थंड केले तर अशुद्धी त्यातच ओढली जाते आणि शेवटी कठीण गोळा हाती येतो.

द्रावक कोणता, हे पुस्तकात नसेल तर परीक्षानळीत ठरवा: 100 मिलिग्रॅम पदार्थ, 1 मिली द्रावक. थंडच विरघळला तर तो द्रावक बाद. उकळत्या 3 मिलीतही विरघळला नाही तरी बाद. गरम असताना विरघळतो आणि थंड झाल्यावर भरपूर परत येतो, तो आपला. एकटा कोणीच जमत नसेल तर जोडी करा: गरम इथेनॉलमध्ये पदार्थ विरघळवा, गढूळपणा टिकेपर्यंत गरम पाणी थेंबाथेंबाने घाला, मग पुन्हा निवळ होण्यापुरते इथेनॉल. इथेनॉल, अॅसिटोन, हेक्झेन यांच्याजवळ बर्नर नको. वॉटर बाथ किंवा हॉट प्लेट वापरा. द्रव एकदम उसळू नये म्हणून टाकायचे पोर्सेलीनचे तुकडे तापवण्याआधीच टाका.

रंगीत अशुद्धी काढायची असेल तरच सक्रिय (रंग शोषणारा) कोळसा, तोही मालाच्या वजनाच्या 1-2 टक्के. त्याहून जास्त घातला तर रंगाबरोबर मालही शोषून घेतो. (पदार्थच मुळात रंगीत असेल तर हा खटाटोप कशाला?) फ्लास्क आचेवरून काढून जरा निवू द्या, मग कोळसा टाका, उकळत्या द्रावणात टाकलात तर सगळे फसफसून बाहेर. पाचेक मिनिटे उकळून घडीच्या फिल्टर पेपरमधून, आखूड दांड्याच्या तापवलेल्या फनेलने गाळा. खालच्या फ्लास्कमध्ये थोडा द्रावक उकळत ठेवला तर त्याच्या वाफेने फनेल गरम राहते. गाळून झाल्यावर तेवढा द्रावक उकळून काढा.

थंड करण्यात घाई नको. फ्लास्क झाकून टेबलावर हलवाहलव न करता ठेवा, खोलीच्या तापमानाला आला की मगच बर्फात. थेट बर्फात ठेवलात तर बारीक भुकटी पडते, आणि तिच्या कणांत व कणांमध्ये मातृद्रव अडकतो. काहीच पडत नसेल तर काचेच्या कांडीने द्रवाच्या पातळीजवळ आतून खरवडा किंवा शुद्ध पदार्थाचा एखादा कण सोडा. तरीही नाही, तर द्रावक जास्त झालाय, थोडा आटवा.

स्फटिक गाळायला बुखनर फनेल, म्हणजे सच्छिद्र तळाचे, खालून हवा ओढून (सक्शनने) गाळायचे फनेल. त्यात कागद सर्व छिद्रे झाकणारा, पण कडेला न चढणारा हवा. धुताना आधी सक्शन सोडा, बर्फात गार केलेला 2-3 मिली द्रावक स्फटिकांवर पसरू द्या, मग ओढा. हे दोनदा पुरे. कोमट द्रावकाने धुणे म्हणजे माल खाली पाठवणे. पाण्याच्या नळावरचे सक्शन असेल तर आधी रबरी नळी काढा, मग नळ बंद करा, नाहीतर पाणी उलटे फ्लास्कमध्ये येते.

आता शुद्धता तपासायला द्रवणांक. नमुना पूर्ण वाळलेला हवा. ओला नमुना शुद्ध असूनही कमी तापमानाला वितळतो. भुकटी करून कॅपिलरीत 2-3 मिमी उंचीपर्यंत ठोकून भरा. जास्त भरलीत तर पल्ला (वितळणे सुरू होणे ते संपणे यांतले अंतर) उगाच रुंद दिसतो. अपेक्षित आकड्याच्या 15-20 अंश खालीपर्यंत भरभर तापवा, पुढे मिनिटाला 1-2 अंश. पहिला द्रव दिसला तो एक आकडा, शेवटचा स्फटिक गेला तो दुसरा. दोन्ही लिहायचे. बेंझॉइक आम्लासाठी नुसते ‘122’ लिहिलेल्या नोंदीपेक्षा ‘121-122’ ही नोंद कितीतरी जास्त सांगते. ‘114-119’ आले तर अशुद्धी किंवा ओल आहे. पल्ला अरुंद, पण आकडा दोन-तीन अंशांनी सरकलेला असेल तर आधी थर्मामीटर शुद्ध नमुन्यावर तपासा. एकदा वितळलेली कॅपिलरी पुन्हा वापरू नका.

आकडा जुळला म्हणजे ओळख पटली, असेही नाही. युरिया आणि सिनॅमिक आम्ल दोन्ही 133 अंशांच्या जवळपास वितळतात. शंका असेल तर आपला नमुना माहितीतल्या शुद्ध पदार्थात समप्रमाणात घोटा: दोन्ही एकच असतील तर द्रवणांक हलत नाही, वेगळे असतील तर तो सहसा बराच खाली येतो.

पल्ला रुंद आला तर आधी नमुना पुन्हा वाळवून नवी कॅपिलरी लावा. मगच दुसऱ्यांदा स्फटिकीकरण. त्यानेही पल्ला आवळला नाही तर द्रावक बदला, कारण या द्रावकात अशुद्धी मालासारखीच वागते आहे. मातृद्रव तोपर्यंत फेकू नका. तो आटवून निघालेली दुसरी खेप वेगळ्या बाटलीत ठेवा आणि तिचा द्रवणांक घेतल्याशिवाय पहिल्या खेपेत मिसळू नका.